दोन विती आणि तीन बोटं

“केवढं असेल गं हे चित्र?” आईनं विचारलं. टीव्हीवर सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या प्रदर्शनावरची फिल्म चालू होती आणि पडद्यावर त्याची दूध ओतणारी बाई होती. पिवळं पोलकं, निळं एप्रन, मातीच्या भांड्यात पडणारी दुधाची बारीक धार. आई टीव्हीपासून हातभर अंतरावर मोढ्यावर बसली होती, मान डावीकडे वळवून. गेल्या चार वर्षांत तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी होत गेला आहे. समोरचं पुसट होतं, कडेचं दिसतं. त्यामुळे एखादी गोष्ट पाहायची असेल तर तिला नजर त्या गोष्टीच्या बाजूला न्यावी लागते. मी उठून तिच्यापुढे गेले आणि दोन्ही हात फाकवून म्हटलं, “एवढं.” माझे हात तिला नीट दिसले नाहीत. तिनं चाचपत माझी मनगटं धरली, मधलं अंतर आपल्या हातांनी जोखलं आणि म्हणाली, “बरंच मोठं आहे की.”

फिल्म पुढे सरकली, माझं मन मात्र तिथंच अडकलं. कारण हे चित्र मी पाहिलेलं आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, त्याच्यासमोरच्या कठड्याला टेकून. त्याची उंची ४५.५ सेंटीमीटर आणि रुंदी ४१. आईला मी जे हातांनी दाखवलं ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीएवढं होतं. विसरले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मी विसरले नव्हते. मला चुकीचं आठवत होतं, आणि अगदी खात्रीनं आठवत होतं.

ते प्रदर्शन बघायला मिळालं हे माझं भाग्यच. व्हर्मीरच्या नावावर जगात जेमतेम ३७ चित्रं आहेत. त्यातली २८ तिथं एकत्र आली होती. १० फेब्रुवारीला प्रदर्शन उघडलं आणि ४ जूनपर्यंतची सगळी तिकिटं काही दिवसांत संपली. साडेसहा लाख लोकांनी ते पाहिलं. माझ्या नवऱ्याची भाची ॲमस्टेलव्हेनला असते. तिनं आधीच तिकिटं काढून ठेवली होती, म्हणून आमची सोय झाली. आत गडद भिंती, जाड पडदे आणि एकेका चित्राला जवळजवळ अख्खी भिंत. चित्रापुढे अर्धगोल कठडा. त्या कठड्याभोवती माणसं अशी उभी, जशी गावाकडे आडाभोवती उभी राहायची. बाहेर पाऊस होता. ओल्या लोकरीच्या कोटांचा वास दालनात भरून राहिला होता. कुणी खोकत होतं, कुणाचे बूट करकरत होते. पुढचा माणूस हलला की आपण अर्धं पाऊल पुढे सरकायचं. कठड्याला हात लागेपर्यंत पाच-सात मिनिटं जायची, आणि हात लागला की पाठीमागच्यांची चाहूल अशी जाणवायची की फार वेळ उभं राहायला संकोच वाटायचा.

दूध ओतणारीपुढे मी किती वेळ होते? मिनिटभर असेन, फार तर दोन. त्या दोन मिनिटांत पहिल्यांदा जाणवलं होतं ते तिचं एवढंसं असणं. इतकी भरदार बाई, इतके कणखर दंड, आणि मावलेली एवढ्याशा चौकटीत! छातीत काहीतरी आकसून आलं होतं. एखाद्याचं घर आपण कल्पनेत मोठं बांधलेलं असतं आणि प्रत्यक्ष दोनच खोल्या निघतात, पण त्या दोन खोल्यांत सगळं नांदत असतं, तसं काहीसं. हेच मी विसरले होते. म्हणजे चित्रानं मला दिलेली सर्वांत पहिली गोष्टच.

माझ्या आईनं सातारा जिल्ह्यातल्या शाळेत सत्तावीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुलं ती रविवारी घरी बोलवायची. ओसरीवर तांब्या, वांगं, घडी घातलेला टॉवेल मांडलेला असायचा आणि मुलं वस्तुचित्र काढत बसायची. तिचा नियम एकच: मोजल्याशिवाय रेघ मारायची नाही. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर अंगठा सरकवत तांब्याची उंची घ्यायची, मग रुंदी, मग उंचीत रुंदी कितीदा बसते ते बघायचं. “डोळा लबाड असतो,” ती म्हणायची, “आवडेल ते मोठं करून दाखवतो.” स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या परदेशी कॅलेंडरचं पान तिनं चिकटवलं होतं. त्यावर हीच दूध ओतणारी. फोडणीच्या वाफेनं वर्षानुवर्षं चिकट होत होत तिचं निळं एप्रन शेवाळी झालं होतं. डाळीचा डबा काढायला दार उघडलं की ती दिसायची. तिला आम्ही गवळण म्हणायचो. आईनं परदेश पाहिला नाही, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीपलीकडे मोठं प्रदर्शन पाहिलं नाही. ॲमस्टरडॅमहून परतल्यावर मी तिला सगळं सांगितलं होतं. पण सांगून कितीसं पोचतं? म्हणून जेव्हा कळलं की त्या प्रदर्शनावरच फिल्म आहे, तेव्हा वाटलं, चला, आता तिला नेता येईल.

‘व्हर्मीर: द ग्रेटेस्ट एक्झिबिशन’ ही ती फिल्म. डेव्हिड बिकरस्टाफनं केलेली, ‘एक्झिबिशन ऑन स्क्रीन’ या मालिकेतली. ज्यांना त्या दालनांत पाऊल ठेवता येणार नाही त्यांच्यासाठी प्रदर्शनच थेटरात न्यायचं, हा या मालिकेचा हेतू आहे आणि तो मला मनापासून पटतो. फिल्ममध्ये माझ्यापुढे कुणाचं डोकं नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. कॅमेरा सावकाश आत शिरतो, पावावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून फिरतो, दुधाच्या धारेपाशी रेंगाळतो, मग भिंतीवर चढतो. आणि तिथं मला तो खिळा दिसला. बाईच्या डोक्याच्या वर, रिकाम्या पांढऱ्या भिंतीत एक खिळा आहे. त्याला त्याची स्वतःची छोटी सावली आहे. आजूबाजूला पूर्वी ठोकलेल्या खिळ्यांची भोकं आहेत. कठड्यापाशी उभी असताना हे मी पाहिलंच नव्हतं. २०२२मध्ये संशोधकांनी या चित्राच्या रंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं होतं की या भिंतीवर व्हर्मीरनं आधी सुगड्या-सुरया टांगायची फळी रेखाटली होती आणि खाली उजवीकडे विस्तवाची टोपली. दोन्ही त्यानं नंतर रंगाखाली गाडली. एवढं सगळं काढून टाकलं आणि खिळा मात्र ठेवला. हे कळल्यावर मला ती भिंत नुसती भिंत वाटेना. कुणीतरी घर आवरून एकच वस्तू मुद्दाम मागे ठेवावी, तशी वाटायला लागली.

म्हणजे फिल्मनं मला खिळा दिला, आणि चित्राचं माप काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना आई म्हणाली, “ती मोत्याच्या डूलवाली कशी होती गं तिथं? कोणत्या भिंतीला?” मी सांगायला लागले. गडद भिंत, तिचे ओलसर ओठ, फेट्याचा निळा, ती वळून आपल्याकडे बघते तेव्हा मागच्या काळोखातून उजेड उचलून आणल्यासारखी वाटते. सांगता सांगता मेथीची काडी हातातच राहिली. ती तिथं नव्हतीच. द हेगच्या माउरित्सहाउस या संग्रहालयानं तिला फक्त मार्चअखेरपर्यंत दिलं होतं. मी गेले तेव्हा ती घरी परतली होती. त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं होतं, भाचीनं समजूत काढली होती, आम्ही तळमजल्यावर कॉफी प्यायलो होतो. हे सगळं खरं. पण फिल्ममध्ये ती आहे. आणि फिल्मनं तिला माझ्या आठवणीत आणून टांगलं, इतकं हलक्या हातानं की तिथली भिंत, उजेड, ओल्या कोटांचा वास, सगळं तिच्याभोवती आपोआप जमलं. आईला मी सांगितलं, “अगं, मी पाहिलीच नाही तिला.” आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण सांगितलंस तर छान.”

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यानं चित्राची चौकट आणि सिनेमाचा पडदा यांतला फरक सांगून ठेवला आहे. चौकट नजर आत ओढते. पडद्याला मात्र कड असली तरी तिच्या बाहेर जग चालूच आहे असं आपण धरून चालतो. त्याच्यासमोर होती ती आलाँ रेनेची व्हान गॉगवरची १९४८ची छोटी फिल्म. चित्रांची चौकट कुठंच न दाखवता एका चित्रातून दुसऱ्यात जाणारी, जणू त्या शेतांतून, त्या खोल्यांतून आपणच हिंडतो आहोत. आणि तीही कृष्णधवल! व्हान गॉग, पिवळ्याशिवाय! कित्येक वर्षांपूर्वी फिल्म सोसायटीत पाहिली तेव्हा मी नाराज झाले होते. आता वाटतं, ती जास्त प्रामाणिक होती. रंग नसल्यामुळे एक क्षणही असा भ्रम होत नाही की आपण चित्र पाहतो आहोत. आपण कुणाचं तरी पाहणं पाहत असतो. हल्लीच्या फिल्म इतक्या स्वच्छ, इतक्या काठोकाठ उजळ असतात, की चित्र आणि त्याची प्रतिमा यांतलं अंतरच उरत नाही. मूळ चित्रावर वार्निशची चकाकी असते, एका कोनातून ते दिसत नाही, आपल्याला हलावं लागतं. पडद्यावर हलतो तो कॅमेरा. कधी थांबायचं ते तो ठरवतो. आई दोनदा म्हणाली होती, “थांबव जरा.” मी थांबवलं, तर चित्र गोठलं आणि खाली वेळेची पट्टी आली.

सुझान रेसची ‘क्लोज टू व्हर्मीर’ मला म्हणूनच अधिक जवळची वाटते. तीही याच प्रदर्शनाची, पण त्याच्या आधीच्या तयारीची. राइक्सम्युझियमचे ग्रेगोर वेबर तिच्या मध्यभागी आहेत. तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले, सौम्य, व्हर्मीरपायी आयुष्य घातलेले. शाळकरी वयात लंडनला पहिल्यांदा व्हर्मीर पाहिला आणि भोवळ येऊन पडलो, असं ते सांगतात. त्या फिल्ममध्ये बासरीवाल्या मुलीच्या एवढ्याशा चित्रावरून वाद आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं ऑक्टोबर २०२२मध्ये जाहीर केलं की हे चित्र व्हर्मीरचं नाही. ॲमस्टरडॅमनं ते व्हर्मीरचं म्हणूनच टांगलं. तेच चित्र, तेच पुरावे, आणि आयुष्यभर बघत आलेली दोन्हीकडची माणसं वेगवेगळं पाहतात. मला यात फार दिलासा वाटतो. एवढ्या जवळून, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही नजर एक होत नाही, तर मी हात फाकवून चुकीचं माप दाखवलं यात नवल ते काय. पण दिलासा वाटला तरी सल गेला नाही.

आईसाठी मग मी दुसरीच फिल्म लावली. खरं तर माझ्यासाठी लावली होती, ती बाजूला लसूण सोलत होती. आँरी-जॉर्ज क्लूझोनं पिकासोवर १९५६मध्ये केलेली. तिच्यात पिकासो शाई आरपार झिरपेल अशा कागदावर चित्र काढतो आणि कॅमेरा कागदाच्या मागे असतो. हात दिसत नाही, ब्रश दिसत नाही. पांढऱ्या पडद्यावर रेघ आपली आपण उगवते, वळते, जाड होते. कॅमेऱ्यामागे होता क्लोद रन्वार, म्हणजे चित्रकार रन्वारचा नातू. दहाएक मिनिटांनी पाहते तर आईच्या हातातला लसूण थांबलेला. मान वळवलेली, पण चेहरा उजळलेला. “मला दिसतंय,” ती म्हणाली. व्हर्मीरचा तो मऊ उजेड तिच्या नजरेत धुक्यासारखा पसरला होता. ही काळी, ठळक, सरकणारी रेघ मात्र तिला कडेच्या नजरेनं पकडता येत होती. फुलांचा गुच्छ झाला, त्या गुच्छाचा मासा झाला, माशाचा कोंबडा, आणि कोंबड्याच्या पोटातून एक चेहरा वर आला. आई बोलत राहिली, वर्गात बोलायची तशी. “आता इथं खोडेल बघ. नाही खोडलं! वरूनच घेतलं. चुकलं तरी हात उचलत नाही हा.” पुढे तो समुद्रकिनाऱ्याचं मोठं तैलचित्र करतो, बदलतो, पुन्हा बदलतो, बिघडवतो, आणि सगळं बाजूला सारून नव्यानं सुरू करतो. आई पुढे झुकली होती. तिच्या बोटांना लसणाचा वास होता आणि ती बोटं मांडीवर रेघ ओढत होती.

कॅमेऱ्याची किंमत मात्र कुणाला तरी मोजावी लागते. क्लूझोच्या फिल्ममध्ये रीळ संपत आल्याचं पिकासोला सांगतात आणि तो घाईनं रंगवतो, ते बघताना मला हान्स नामुथची अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकवरची फिल्म आठवत होती. १९५०च्या शरदात नामुथनं पोलॉकला काचेवर रंगवायला लावलं आणि खालून चित्रण केलं. थंडीत, पुन्हा पुन्हा. चित्रण संपलं त्या संध्याकाळी पोलॉक घरात आला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यानं दारूचा ग्लास भरला. फिल्म सुंदर आहे. मला ती पुन्हा बघवत नाही.

त्या रात्री आईला मी बिनोदबिहारी मुखर्जींबद्दल सांगितलं. शांतिनिकेतनात सत्यजित राय यांचे ते शिक्षक. जन्मापासूनच नजर अधू, आणि पन्नाशी ओलांडल्यावर एका शस्त्रक्रियेनंतर पूर्ण अंधत्व. त्यानंतरही कागद कापून, दुमडून, चिकटवून, मातीत बोटं घालून ते काम करत राहिले. राय यांनी १९७२मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ ही वीस मिनिटांची फिल्म केली. आंधळ्या चित्रकाराची कीव येईल असा एकही क्षण तिच्यात नाही; एक विद्यार्थी आपल्या गुरूच्या हातांकडे लक्ष देऊन बघतो आहे, एवढंच आहे. हे सांगताना मी आईकडे बघत नव्हते. हा विषय आम्ही दोघी टाळतो. तिनं रंगांची पेटी नातीला देऊन टाकली त्या दिवसापासून टाळतो. ती म्हणाली, “दुमडून म्हणजे कसं? घडीच्या कडेवर बोट फिरवून?” मी हो म्हटलं. मग तिनं दिवा मालवायला सांगितलं.

सकाळी उठले तेव्हा ती जमिनीवर बसली होती. पुढ्यात गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं मोठं पान, पालथं. “नीट माप सांग त्या गवळणीचं,” ती म्हणाली. मी सांगितलं, साडेपंचेचाळीस बाय एक्केचाळीस. तिनं पट्टी मागितली नाही. पानाच्या कडेला वीत टेकवली, अंगठा तिथंच ठेवून दुसरी वीत घेतली, मग तीन बोटं आडवी ठेवली. उंची झाली. आडवी दोन विती आणि बोटभर. तिथं घडी घातली, नखानं दाबून घडीची कड धारदार केली, आणि कात्रीऐवजी त्या घडीवरच पान फाडलं, सरळ, जराही न कुरतडता. मी नंतर पट्टी लावून पाहिली. उंची अर्धा सेंटीमीटर जास्त भरली. तिला सांगितलं, तर तिनं पान परत घेतलं आणि अर्धा सेंटीमीटर दुमडला.

कपाटाशेजारच्या भिंतीत कॅलेंडरचा खिळा होता. तिनं चाचपून खिळा शोधला आणि ते कोरं पान त्यात अडकवलं. मग चार पावलं मागे आली, मान वळवून उभी राहिली. मीही तिच्याजवळ उभी राहिले. एवढंसं पांढरं पान. त्याच्यापुढे उभी असताना ते कठड्यापाशी आकसून येणं मला पुन्हा जाणवलं, अगदी त्याच जागी, छातीत.

“एवढीच होय!” आई म्हणाली. “आणि मी इतकी वर्षं...” पुढचं ती बोलली नाही. जवळ गेली, पानाच्या वरच्या कडेवरून खालच्या कडेपर्यंत तळवा फिरवला. नंतर विचारलं, “व्हर्मीरची ती लेस विणणारी केवढी आहे?”

मी म्हटलं, साधारण चोवीस बाय एकवीस.

तिनं भिंतीवर, त्या पानाच्या शेजारी, उघडी वीत टेकवली, वर दोन बोटं जोडली आणि तशीच उभी राहिली. मी पेन्सिल आणायला आत गेले.